पंचेचाळीस अक्षरांत बसवा

३ जून

प्रिय खिळेमामा,

नमस्कार. मोठ्यानं करतेय, म्हणजे निदान उजव्या कानापर्यंत पोचेल. तुम्हाला तीनदा फोन लावला. तो अजून टेबलाच्या खणातच आहे ना? मग बसा आता, चार दिवस पोस्टमनची वाट बघत.

बातमी अशी की तुमची भाची एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत जाते. इस्पितळाच्या तळघरात सहा कॉम्प्युटर मांडलेत. आठवड्यातून तीन संध्याकाळी एक बाई येऊन आम्हाला प्रोग्रॅम लिहायला शिकवतात. हौस म्हणून नाही हं. औषधांच्या बाटल्यांना लेबलं छापायचं मशीन येतंय, आणि आमच्या भांडारप्रमुख बाईंनी जाहीर केलंय की जिला ते चालवता येईल तिच्याच हातात ते देणार. माझी तात्पुरती नेमणूक एक ऑगस्टला संपते. मशीन मिळालं तर मी कायम, नाही मिळालं तर घरी. मी सोडून वर्गात दोघी आहेत, दोघी पंचविशीच्या, आणि बोटं अशी चालवतात की बघत राहावं.

सध्या मी दिवसाला दोनशे लेबलं हातानं लिहिते. संध्याकाळपर्यंत माझं 'एक' काय आणि 'दोन' काय, मलाच ओळखू येत नाही. म्हणून मशीन यायलाच हवं.

पहिला धडा झाला. शब्द उलटा करून दाखवायचा. मी 'मामी' टाकला. उत्तर काय आलं माहितीये? आधी एक वेलांटी, कुणाचाही आधार नसलेली, हवेत लटकलेली, आणि मग 'माम'. मी बाईंना म्हटलं, मशीन बिघडलंय. त्या हसल्या. म्हणाल्या, आपल्याला 'मा' हे एक अक्षर दिसतं, पण मशीन 'म' वेगळा मोजतं आणि काना वेगळा. असं आहे सगळं.

आता परीक्षेचा प्रश्न: 'कितीही लांब ओळ आली तरी ती पंचेचाळीस अक्षरांत बसवा.' लेबलाची ओळ तेवढीच असते. बाईंच्या आठ चाचण्या आहेत, त्या आम्हाला दाखवणार नाहीत. आठही पार पडल्या तरच पास. मामा, तुम्ही आख्खी हयात छापखान्यात चुका शोधण्यात घालवलीत. माझा प्रोग्रॅम कसा पाडायचा ते सांगा. तुम्हाला पाडता आला नाही तर बाईंना कुठून येणार?

तुम्हाला इथं हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं त्याचे रिपोर्ट अजून आलेले नाहीत. आले की औषध इथूनच पाठवते.

तुमची घाईबाई


८ जून

प्रिय घाईबाई,

फोन खणातच आहे आणि सुखात आहे. दर रविवारी त्याला चार्ज करतो, मेल्याला उपाशी ठेवू नये म्हणून, आणि परत खणात टाकतो. वाजला तरी मला ऐकू कुठं येतो? छापयंत्राशेजारी तेहतीस वर्षं बसल्यावर कानाचं जे व्हायचं ते झालं.

तुझ्या लटकलेल्या वेलांटीनं करमणूक केली. आमच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या पेटीतही काने, मात्रा वेगळ्या घरांत असायच्या. म्हणजे तुमचं मशीन आमच्याच जातीचं आहे. मामीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, मला उलटं करणारं यंत्र अजून निघायचंय.

आता कामाचं. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात होते, आमच्या धंद्यात नाही. चांगलं शीत हातात आलं म्हणून खूश व्हायचं नाही, कच्चं कुठं लपलंय ते शोधायचं. तर तुझ्या प्रोग्रॅमला आधी कोरी ओळ दे. मग नुसत्या मोकळ्या जागा दे. मग एकच शब्द दे, पंचेचाळिसाहून लांब. मग नेमकी पंचेचाळीस आणि मग शेहेचाळीस. चुका नेहमी कुंपणावर बसलेल्या असतात.

आणि एक माझ्यासाठी कर. शब्द मधेच तोडू नकोस. आमच्या छापखान्यात कुणी 'गोळ्' एका ओळीत आणि 'या' दुसरीत टाकलं की मालक भर कामात त्याला खिडकीपाशी उभा करायचे. जमलं तर वाक्यही तोडू नकोस, मागं येऊन पूर्णविरामावर थांब. अर्धं वाक्य छापणं म्हणजे माणसाला जिन्यात सोडून दिवा घालवणं.

डॉक्टर त्या दिवशी बरंच काही बोलले. तू फॉर्म भरायला बाहेर गेली होतीस, मी सगळ्याला मान डोलावली. काय बोलले देव जाणे. औषध आलं की त्यावर लिहिलेलं असेलच.

मी अजून व्हिजिटिंग कार्डं आणि सूचीपत्रकं तपासून देतो. पूर्वी मामी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि मी प्रूफ बघायचो. आता एकटाच वाचतो. जमतं.

खिळेमामा


१४ जून

प्रिय मामा,

पास! आठापैकी आठ!

पहिल्या फेरीत सात झाल्या होत्या. आठवीत मशीन थिजून बसलं, हलेचना. ती नुसत्या मोकळ्या जागांची ओळ होती, तुम्ही सांगितलेलीच. तुमचं पत्र त्याच दुपारी हातात पडलं. जिन्यात उभं राहून वाचलं आणि संध्याकाळी दुरुस्त केलं. त्या दोघींपैकी एकीच्या पाच झाल्या, दुसरीच्या सहा. उगाच आनंद होऊ नये, पण झाला.

आता कसं चालतं सांगते. ओळ आली की प्रोग्रॅम आधी पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा झाडून टाकतो. मग मोजतो. मापात असली तर जशीच्या तशी सोडतो. जास्त असली तर पंचेचाळिसाव्या अक्षरावरून मागं मागं येतो, पूर्णविराम सापडला की तिथं थांबतो, पुढचं सोडून देतो. पूर्णविराम नसलाच तर शब्द संपतो तिथं थांबतो. बाई म्हणाल्या, पूर्णविरामावर थांबायचं कुणालाच सुचलं नव्हतं, हे कुठून आलं? मी म्हटलं, घरचं आहे.

तुम्हाला धाकधूक वाटायला नको म्हणून हेही केलं: भांडारातल्या सगळ्या सूचनांची वही काढली. बहुतेक सगळ्या एका वाक्याच्या, तोकड्या. चारच दोन वाक्यांच्या आहेत. त्यातली सगळ्यात लांब हृदयाच्या डॉक्टरांची, ती मोजली. चाळीस भरली. म्हणजे कापाकापीची वेळच येणार नाही. ते सगळं नुसतं ताक फुंकून पिणं.

घाईबाई


२० जून

प्रिय घाईबाई,

शाबास. तुझं पत्र खालच्या शिंपीणबाईंनाही वाचून दाखवलं. त्यांनी मशीन थांबवून ऐकलं, आणि त्या कुणासाठी मशीन थांबवत नाहीत.

आठ चाचण्या पार पडल्या हे ठीक. पण बाईंच्या चाचण्या बाईंच्या डोक्यातून आल्या. नवव्या चाचणीला कुणी बाई नसते, हे लक्षात ठेव.

एक विचारायचं होतं. ते चाळीस कुणी मोजले, तू की मशीननं?

खिळेमामा


१ जुलै

प्रिय मामा,

मशीन आलं! आणि ते माझ्याकडे आहे!

करड्या रंगाचं, पावाच्या पेटीएवढं, आणि सुरू झालं की मांजरासारखं गुरगुरतं. प्रमुख बाईंनी माझा प्रोग्रॅम त्याला जोडून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पहिलं लेबल तुम्हीच काढा." तुमचे रिपोर्ट कालच आले होते. डॉक्टरांची चिठ्ठी मी स्वतः मशीनमध्ये भरली. तेव्हा पहिलं लेबल कुणाचं निघालं? तुमचं! अजून गरम होतं तेव्हाच बाटलीवर लावलं. सोबत पार्सल करतेय. अडतीस गोळ्या आहेत, महिनाभर पुरतील.

चिठ्ठी इथंच ठेवावी लागते, नियम आहे. पण लेबल आहे की. बघा आणि चूक काढून दाखवा. एक ऑगस्टला फक्त एकतीस दिवस राहिलेत. दिवसाला दोनशे लेबलं काढायचीत, लिहायला वेळ मिळणार नाही, रागावू नका.

घाईबाई


६ जुलै

प्रिय घाईबाई,

बाटली मिळाली. टेबलावर भिंग ठेवून बसलो आणि तुझं लेबल तपासलं, एखाद्या ग्रंथाचं शेवटचं प्रूफ तपासावं तसं. त्यावर असं आहे:

'रोज सकाळी नाश्त्यानंतर दोन गोळ्या घ्याव्यात.'

अक्षर स्वच्छ. शब्दांमधली जागा सारखी. जोडाक्षरं नीट बसलेली. वाक्य पूर्ण, शेवटी पूर्णविराम. घाईबाई, एकही चूक नाही. तेहतीस वर्षांत असं मी फार थोड्या वेळा म्हटलंय. तुझी मामी असती तर तिनं ती बाटली पुढच्या खोलीत ठेवली असती, आल्यागेल्यानं बघावी म्हणून.

आज सकाळपासून गोळ्या सुरू केल्या.

खिळेमामा


१४ जुलै

मामा, दोनच ओळी. प्रमुख बाई आज हसल्या. खरंच. म्हणाल्या, लेबल वाचता येत नाही अशी एकही तक्रार या पंधरवड्यात आली नाही. कायमच्या यादीत माझं नाव त्यांनी पेन्सिलीनं लिहिलंय, मी पाहिलं. तब्येत कळवा. घाईबाई


१७ जुलै

प्रिय घाईबाई,

पेन्सिलीनं लिहिलंय ते शाईनं होईल. चिंता करू नकोस.

मी बरा आहे. भूक तेवढी गेली. अंडं पुढ्यात आलं की पोटात ढवळतं. शिंपीणबाईंनी सूप पाठवलं, तेही नको वाटलं, तर त्या रागावल्या. या वयात पोट कुरकुरायचंच.

गंमत म्हणजे कागद पिवळट दिसायला लागलेत. मला वाटलं, कार्डवाल्यानं हलका कागद वापरला. त्याला तसं सुनावलंही. तो म्हणाला, आजोबा, हा पांढराशुभ्र आहे. दिव्याभोवतीही पिवळं कडं दिसतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार, काच जुनी झाली की असं होतं.

गोळ्या नेमानं घेतो. तुझं लेबल रोज सकाळी वाचतो आणि मगच झाकण उघडतो.

खिळेमामा


२१ जुलै

प्रिय मामा,

रागावून लिहितेय, तेव्हा तसंच वाचा. चष्मा सात वर्षांपूर्वीचा आहे! त्यात तुम्ही कमी उजेडात बारीक टाइप वाचत बसता, मग कागद पिवळे नाही तर काय गुलाबी दिसणार? येत्या आठवड्यात डोळे तपासून घ्या. आणि खात नाही म्हणजे काय? मामी असती तर चालवून घेतलं असतं का? शिंपीणबाईंचं सूप मुकाट्यानं प्यायचं.

एक तारखेनंतर मला रजा मिळेल. मग येते आणि तुमच्या छातीवर बसून जेवायला घालते. तोवर दहा दिवस कळ काढा. आत्ता रजा मागितली तर पेन्सिलीचं नाव खोडायला वेळ लागणार नाही.

पुढच्या महिन्याची बाटली आजच पार्सल केलीय, पोस्ट उशीर करतं म्हणून. म्हणजे खंड पडायला नको.

घाईबाई


२२ जुलै

प्रिय घाईबाई,

अक्षराकडे बघू नकोस, पडल्या पडल्या लिहितोय.

एक खाजगी गोष्ट सांगतो, तिथं कुणाजवळ बोलू नकोस. अडतीस गोळ्या महिनाभर पुरतील असं तू लिहिलं होतंस. आज पाहिलं तर बाटलीत चारच उरल्यात. सोळा-सतरा दिवसच झालेत. मी एकही सांडली नाही, एकही जास्त घेतली नाही, लेबलाप्रमाणे रोज दोन. म्हणजे गोळ्या भरतानाच कुणीतरी कमी भरल्या. भांडारात मोजणीची चूक झाली असेल. पण एक तारीख तोंडावर आहे, आणि बोलायला गेलीस तर उगाच हात दाखवून अवलक्षण व्हायचं. तेव्हा गप्प राहा आणि जमेल तेव्हा थोड्या आणखी पाठव.

काल बेसिनपाशी जरा तोल गेला. काही लागलं नाही. नाडी फार हळू चालते, मोजताना मधेच थांबल्यासारखी वाटते. पण मला मोजायला नीट जमत नाही.

तुझी काळजी वाटते. माझी नको करूस.

खिळेमामा


२६ जुलै, सकाळी साडेअकरा

मामा,

गोळ्या घेऊ नका. एकही घेऊ नका. जुन्या बाटलीतली नको, नव्या बाटलीतली नको. हे वाचत असाल त्या क्षणी दोन्ही बाटल्या शिंपीणबाईंच्या हातात द्या.

तुमचं पत्र आज सकाळी आल्या आल्या मिळालं. अडतीस गोळ्या कमी भरलेल्या नव्हत्या. मी स्वतः भरल्या होत्या, दोनदा मोजल्या होत्या. अडतीस का, ते मी तेव्हा बघितलंच नाही. फाइलमधून डॉक्टरांची मूळ चिठ्ठी काढली. ती अशी आहे:

'रोज सकाळी नाश्त्यानंतर दोन गोळ्या घ्याव्यात. आठ दिवसांनंतर फक्त एक.'

आठ दिवस दोन, पुढे बावीस दिवस एक. अडतीस. दुसरं वाक्य लेबलावर नाही. माझ्या प्रोग्रॅमनं ते टाकून दिलं आणि पूर्णविरामावर थांबला, अगदी नीट. मी हीच ओळ बोटांवर मोजली होती, चाळीस भरली होती. आत्ता मशीनला मोजायला लावली. सदुसष्ट. काने, मात्रा, वेलांट्या, सगळं वेगळं. पहिल्याच धड्यात हे मला शिकवलं होतं. मी त्यावर हसले होते. आणि तुम्ही विचारलंतही होतं, चाळीस कुणी मोजले म्हणून. मी उत्तरसुद्धा दिलं नाही.

तुमचा फोन सकाळपासून लावतेय. वाजतो आणि थांबतो. शिंपीणबाईंच्या दुकानाचा नंबर मी कधी विचारलाच नाही. हे पत्र एकच्या बसच्या चालकाजवळ देतेय, तो चार तासांत पोचेल, दुकानात देईन म्हणालाय. दवाखान्यात जा. तिथल्या डॉक्टरांना हे पत्र दाखवा आणि सांगा की आठ दिवसांऐवजी वीस दिवस दोन-दोन गोळ्या गेल्यात. पिवळं दिसतं, भूक नाही, नाडी हळू चालते, तोल जातो, हे सगळं त्यांना सांगा. हे सगळं तुम्ही मला लिहिलं होतं आणि मी तुम्हाला चष्म्यावरून बोलले.

मी बसमध्ये बसायलाच निघाले होते. पण असंच लेबल आणखी माणसांच्या बाटल्यांवर आहे. कुणाकुणाच्या, ते मशीनमधून फक्त मलाच काढता येतं. प्रमुख बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, मग म्हणाल्या, "आधी माणसं शोधा, तुमचं नंतर बघू." यादी करून संध्याकाळच्या बसनं निघते.

मामा, कृपा करून दार उघडा.


२६ जुलै

बाई,

मी खालची शिंपीण. हे त्याच बसवाल्याजवळ परत देतेय. तुम्ही वाटेत असाल तर तो तुम्हाला स्टँडवर शोधून देईल.

मामा दवाखान्यात आहेत. आज सकाळपासून वर त्यांच्या खणातला फोन वाजत होता. मला खाली मशीनवर ऐकू येत होता, त्यांना कुठला यायला. एवढ्या वेळा तो कधी वाजला नव्हता. बारा वाजता जीव राहवेना म्हणून वर गेले. दार उघडं होतं. ते बेसिनजवळ खाली बसलेले, भिंतीला टेकून, मला म्हणाले, जरा दमलोय. हात बर्फासारखे. शेजाऱ्याच्या गाडीतून नेलं.

बाटली मी बरोबर नेली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी लेबल वाचलं. म्हणाले, मोठ्या इस्पितळाचं औषध आहे, सूचना स्पष्ट आहे, तेव्हा हे बंद करायचं नाही, उद्या सकाळी दोन द्या. मीही मान डोलावली. लेबल इतकं छान छापलेलं, कुणाला शंका येणार?

पाच वाजता बसवाल्यानं तुमचं पत्र दिलं. मी ते फोडलं, माफ करा. वाचलं आणि पळत गेले. डॉक्टर पत्र उभ्यानं वाचत होते, ते वाचता वाचताच ओरडले आणि दोन नर्सा धावत आल्या. आता मामांच्या छातीला वायरी लावल्यात. नाडी पस्तीस आहे म्हणतात. मला आत सोडत नाहीत.

तुम्ही या. मी बाकावर बसलेय.


११ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुमच्या खाटेजवळून उठून आले त्याला दहा दिवस झाले. तिथं सहा दिवस होते, पण बोलता आलं नाही. तुम्ही झोपलेले असायचात, आणि जागे असलात की विनोद करायचात. म्हणून पुन्हा पत्र.

आधी माणसांचं. चार सूचना कापल्या गेल्या होत्या. तशी लेबलं एकोणीस जणांच्या बाटल्यांवर होती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोळा जण सापडले. दोघं दुसऱ्या दिवशी. शेवटच्या एक आजी मुलीकडे गेल्या होत्या, मुलीचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. प्रमुख बाईंनी स्वतः तीन दिवस फिरून त्यांना गाठलं. त्यांनाही पिवळं दिसायला लागलं होतं. आता बऱ्या आहेत. सगळे आहेत, मामा. मी एकोणीसही नावांपुढे खूण होईपर्यंत नीट श्वास घेतला नाही.

एक ऑगस्ट आला आणि गेला. कायमच्या यादीत माझं नाव नाही. काढून टाकलंही नाही. आणखी सहा महिने तात्पुरती. मी प्रमुख बाईंना म्हटलं, मशीन दुसऱ्या कुणाला द्या. त्या म्हणाल्या, "चूक लपवायला चार दिवस मिळाले असते तुम्हाला. तुम्ही चार मिनिटंही घेतली नाहीत. मशीन तुमच्याकडेच राहील, पण आता एकटीनं चालवायचं नाही."

प्रोग्रॅम पुसला. पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. आता ओळ मापात बसली नाही तर मशीन काहीच कापत नाही आणि काहीच छापत नाही. नुसतं ओरडतं, सगळं भांडार माना वळवेपर्यंत. मग मी मोठं लेबल लावते. आणि आम्ही आता एक वेगळी चाचणी घेतो. छापलेलं बरोबर आहे का, एवढंच बघत नाही. चिठ्ठीतलं लेबलावर आलं का, ते बघतो. त्या दोघींपैकी एक चिठ्ठी मोठ्यानं वाचते, मी लेबल बघते. दिवसाला दोनशेच्या जागी एकशेवीस निघतात. कुणी तक्रार करत नाही.

मला झोप लागत नाही. तुमचं सहा जुलैचं पत्र मी जपून ठेवलं होतं, कौतुकाचं म्हणून. ते आता वाचवत नाही आणि फाडवतही नाही. मला माफ करा असं लिहायचं होतं, पण ते फार छोटं वाटतं. तरी लिहिते. माफ करा.

नवी बाटली सोबत आहे. डॉक्टरांची नवी चिठ्ठीही सोबत आहे, प्रत काढून. हा नियम बदलून घेतला.

तुमची


१९ ऑगस्ट

प्रिय घाईबाई,

पत्राखाली नाव लिहायला विसरलीस. मी भरून घेतलं.

परवा घरी आलो. शिंपीणबाईंनी खोली झाडली, आणि फोन खणातून काढून त्यांच्या शिलाई मशीनवर ठेवलाय. माझं टपाल आता त्या ऐकतात.

तू माफी मागितलीस, तेव्हा हिशेब नीट मांडू. शब्द तोडू नकोस, पूर्णविरामावर थांब, हे कुणी शिकवलं? ओबडधोबड कापलं असतं, 'आठ दिव' असं लटकून राहिलं असतं, तर मी त्याच सकाळी ओरडलो असतो. तो तरुण डॉक्टरही थबकला असता. माझ्या हट्टापायी चूक इस्त्री करून बाहेर पडली. प्रमुख बाईंना मी तसं स्वतंत्र पत्र लिहिलंय, रागावू नकोस.

दुसरी चूकही माझीच, आणि ती जास्त झोंबते. छापखान्यात मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की मूळ प्रत शेजारी असल्याशिवाय प्रूफ तपासायचं नाही. नुसतं प्रूफ वाचलं तर छापलेल्या चुका दिसतात, गळलेली ओळ कधीच दिसत नाही. तेहतीस वर्षं मामी प्रत वाचत होती, म्हणून माझी एक ओळ गळली नाही. ती गेल्यावर मी एकटा वाचायला लागलो आणि मला वाटलं, जमतं. तुझ्या लेबलावर मी 'एकही चूक नाही' असं लिहिलं ते प्रत न बघता. त्या प्रूफवर 'बरोबर' म्हणून सही मीही केली होती, घाईबाई. तू एकटी नाहीस.

आता ऐक. तुझी नवी बाटली आली तेव्हा ती मी उघडली नाही. शिंपीणबाईंना वर बोलावलं, चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, माझ्या उजव्या कानाशी वाचा. त्यांनी अशी वाचली की समोरच्या इमारतीतून दोघं खिडकीत आले. एकेक शब्द. मी भिंग धरून लेबलावर बोट फिरवत होतो. मामी गेल्यापासून असं कुणी मला वाचून दाखवलं नव्हतं. मधे एकदा मला थांबावं लागलं. शिंपीणबाईंना वाटलं, ऐकू आलं नाही, त्यांनी तो शब्द आणखी मोठ्यानं वाचला.

दोन्ही ओळी आहेत: रोज सकाळी नाश्त्यानंतर एकच गोळी, आणि महिन्यानं नाडी तपासून घ्यावी. मूळ प्रतीशी ताडून पाहिलं. एकही चूक नाही.

कागद पुन्हा पांढरे दिसतात. कार्डवाल्याची माफी मागून आलो. तू झोपत जा.

आज सकाळी नाश्ता केला, अंडं पूर्ण खाल्लं, आणि गोळी घेतली. फक्त एक.

तुझा
खिळेमामा